जुना काढू का?

मित्रांनो, जरा दम धरा. मला उठायला वेळ लागतो. बटण दाबलं की आधी माझा पंखा कण्हतो, मग आतली डिस्क घरघरते, आणि मग कुठे पडद्यावर उजेड येतो. तोपर्यंत माणसं चहा टाकून येतात. मी एक जुना संगणक आहे. दुकानातून खोक्यात बसून आलेला नव्हे, सुटे भाग आणून घरीच जुळवलेला. त्यामुळे मला कुठल्या कंपनीचं नाव नाही. माझ्या कॅबिनेटवर नावाच्या जागी गणपतीचा स्टिकर आहे, आणि पुसून पुसून त्याचाही एक कान गेला आहे.

माझा मुक्काम वाकोल्याला, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. डोक्यावरून विमानं जातात. विमान आलं की खिडकीची काच थरथरते, बोलणारी माणसं वाक्य अर्ध्यात सोडतात आणि विमान गेलं की तिथूनच पुढे बोलू लागतात. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मला आता कशाचंच नवल वाटत नाही. पण या विमानांनी एकदा असा घोळ घातला की मी भंगारात जाता जाता राहिलो. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

या घरच्या आईचं नाव प्रेमा. तिचे धाकटे भाऊ हर्षदमामा यांनी मला जुळवलं. लॅमिंग्टन रोडवरून दोन पिशव्या भरून त्यांनी माझे अवयव आणले आणि चटईवर पसारा मांडून बसले. आई पोह्यांची बशी घेऊन शेजारी उभी होती.

"हर्षद, जोडून झाल्यावर यातलं काही उरलं तर रे?"

"उरलं तर तुझ्या मिक्सरला लावू गं. खा म्हणतेस की नुसती बशी दाखवतेस?"

असा माझा जन्म झाला. काही उरलं नाही, एक स्क्रू सोडून. तो अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे.

आई आधी एका छापखान्यात संगणकावर मराठी अक्षरं जुळवायची. छापखाना बंद पडला आणि तिने घरीच काम घेतलं, ते माझ्या जिवावर. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांत, सत्यनारायणाची आमंत्रणं, गावच्या मंडळाच्या हळदीकुंकवाच्या जाहिराती. वाकोल्यात कुणाचं लग्न ठरलं की घरची बाई म्हणायची, "पत्रिका प्रेमाकडेच टाका गं, तिच्या हाताला यश आहे." माझ्या हाताचं कुणी नाव काढलं नाही. मला हात नाहीत हेही खरंच. पण रात्रंदिवस तापायचो मी, आणि कौतुक व्हायचं तिच्या बोटांचं. चालायचंच.

आता एक अवघड शब्द येतो आहे, घाबरू नका. बूटलोडर. संगणक उठला की सगळ्यात आधी हा जागा होतो. त्याला तुम्ही दाराशी बसलेला माणूस समजा. आत किती खोल्या आहेत, कुठल्या खोलीत कोण राहतं, हे त्याला ठाऊक असतं. तो पडद्यावर नावं दाखवतो, थोडा थांबतो, आणि तुम्ही ज्याचं नाव निवडाल त्याचं दार उघडून देतो. एवढंच त्याचं काम. पण हा माणूस दाराशी नसेल तर आतल्या खोल्या धडधाकट असूनही कुणाच्या कामाच्या नाहीत.

माझ्यात तीन खोल्या होत्या. जुन्या डिस्कवर आईची, तिथे तिचं पत्रिकांचं काम. नव्या डिस्कवर दोन, एक मोठ्या मुलीची, श्रुतिकाची, आणि एक धाकट्या नितेशची. आईला इंग्रजी नावं वाचायचा कंटाळा, म्हणून हर्षदमामांनी दारावरच्या माणसाला मराठी शिकवली. बिचारा होता जुन्या वळणाचा. अक्षरं सुटी सुटी मांडायचा. जोडाक्षर आलं की त्याची बोबडी वळायची आणि पहिली वेलांटी तो भलत्याच बाजूला लावायचा. 'प्रेमा' लिहिलं तर मोडकं दिसलं. 'नितेश'ची वेलांटी पळून गेली. 'श्रुतिका' तर असं काही उमटलं की श्रुतिका हसून हसून खाली बसली.

"मामा, हे काय, मी आहे की भांडं पडलंय?"

मग मामांनी युक्ती केली. घरात ज्याला जे म्हणतात तेच लिहिलं. आई. ताई. बाबू. यात जोडाक्षर नाही, पळणारी वेलांटी नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी उठलो की पडद्यावर ही तीन नावं एकाखाली एक उभी राहायची, आणि कुणी काही दाबलं नाही तर आईचं दार आपोआप उघडायचं.

दिवस गेले. मी थकलो. श्रुतिका नोकरीला लागली, तिला ऑफिसचा लॅपटॉप मिळाला आणि 'ताई' या नावावर कुणी थांबेनासं झालं. लोक मोबाईलवर पत्रिका पाठवू लागले, आईचं कामही आटलं. घरचे बाबा, दशरथ त्यांचं नाव, सरळ मनाचे आहेत, पण त्यांना जागेची फार काळजी. घर केवढं, त्यात मी कोपरा अडवून बसलेला. "हा डबा काढा रे भंगारात," हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तो शब्द ऐकून पंखासुद्धा दचकत नाही. फक्त दसऱ्याला माझी आठवण व्हायची. आई कॅबिनेट पुसायची, हळदकुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची. मग तो हार तसाच राहायचा. कुणी काढायचं नाही. सुकायचा, कुरकुरायचा, पाकळ्या माझ्या पंख्यात जायच्या आणि मी शिंकल्यासारखा आवाज करायचो. या हाराकडे लक्ष ठेवा, मित्रांनो. पुढे त्याचंच काम आहे.

यंदा दसऱ्यानंतर श्रुतिकाचं लग्न ठरलं. मुलगा चेंबूरचा, निहार नावाचा. तुळशीचं लग्न झालं की यांचं लग्न. बाबा म्हणाले, "पत्रिका मोबाईलवर पाठवू. हल्ली सगळे तेच करतात."

आई एरवी फार बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "सगळ्या वाकोल्याच्या लग्नांना मी आणि माझ्या लेकीच्या लग्नाला मोबाईल? जमणार नाही. पत्रिका मीच करणार, माझ्या हाताने."

आणि तिने केली. दुपारची कामं आटोपली की माझ्यासमोर बसायची. एकट्या 'श्रु'वर तिने किती वेळ घालवला म्हणता! त्याचं शेपूट लांबवायची, पुन्हा आखडायची, चष्मा काढून लांबून बघायची. मी तापत होतो, धापा टाकत होतो, पण तक्रार केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती परक्यासाठी नाही, स्वतःसाठी काम करत होती.

या घरची माणसं मूळची मालवणकडची. त्यांच्यात रीत अशी की छापलेली पहिली पत्रिका गावच्या देवापुढे ठेवायची, देवाला मागणं मागत गाऱ्हाणं घालायचं, आणि मगच दुसरी पत्रिका कुणाच्या हातात द्यायची. बाबांचे धाकटे भाऊ धोंडिरामकाका रविवारी संध्याकाळच्या बसने गावी निघणार होते. त्यानंतर लग्नापर्यंत गावी कुणीच जाणार नव्हतं. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत पत्रिकेची एक प्रत निघायलाच हवी होती. शनिवारी आईचं काम जवळजवळ पुरं झालं. एक ओळ जरा खाली घ्यायची राहिली होती. डोळे दुखायला लागले म्हणून ती उठली, म्हणाली, उद्या करते.

रविवारी सकाळी नितेश माझ्यासमोर बसला. पोरगं वाईट नाही. त्याच्या मनात चांगलंच होतं. शौनक नावाचा त्याचा एक मित्र आहे, त्याने सांगितलं होतं की नवा बूटलोडर टाक, तुझा डबा उडी मारून उठेल. नितेशला वाटलं, लग्नाची धावपळ, आईला माझ्यासमोर ताटकळत बसावं लागतं, तेवढं तरी वाचेल. त्याने नवा माणूस दाराशी आणून उभा केला. चटपटीत, नव्या वळणाचा. आता जुन्याला घालवायचं होतं. तेवढं मात्र त्याने आईला विचारलं, हा त्याचा चांगुलपणा.

आई आत कोलंबी सोलत होती. हात भरलेले, बाहेर यायची सोय नाही.

"आई," नितेशने हाक मारली, "हा जुना..."

आणि विमान आलं. काच थरथरली. नितेश बोलत राहिला, पण त्यातलं आत पोचलं ते फक्त शेवटचं, "...काढून टाकू का?"

आईला काय वाटलं असेल सांगा. माझ्या अंगावर दसऱ्यापासून सुकलेला हार लोंबत होता. ती आतून ओरडली, "काढ रे बाबा! कधीचा लटकलाय तो!"

आता संगणक अडून बसला की पोरं काय म्हणतात? लटकला. नितेशला हसू आलं. त्याला वाटलं, आपल्या आईलाही कळायला लागलं की! त्याने जुन्याला काढून टाकलं. पुसूनच टाकलं.

मित्रांनो, इतकी वर्षं रोज सकाळी ज्याने सगळ्यात आधी डोळे उघडले, तो एका झटक्यात गेला. मला वाईट वाटलं. हे सरळच सांगतो, कारण माझ्यासारख्या डब्याला वाईट वाटत असेल असं कुणाला वाटत नाही.

नितेशने मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी खरंच लवकर उठलो. पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत दोन नावं आली. एक ताईच्या खोलीचं, एक बाबूच्या.

यादीत आई नव्हती.

नव्या माणसाचा यात दोष नाही. तो फक्त नव्या पद्धतीची दारं ओळखायचा. आईची खोली जुन्या पद्धतीची, तिचं दार त्याला भिंत वाटलं. त्याला बसवायला नितेशने माझी एक आतली मांडणीही बदलली होती, त्यामुळे जुनी डिस्क उठायचं नावच घेईना. नितेशचा चेहरा उतरला. त्याने मला बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. म्हाताऱ्याला असं उठवू-बसवू नये, पण ऐकतो कोण.

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. "ऊठ रे, ती ओळ खाली घेते. काका येतीलच."

"आई, एक मिनिट."

"काय झालं?"

"काही नाही गं. एक मिनिट."

पण आईने पडदा पाहिला होता. "माझं नाव कुठाय रे?"

नितेशने घाम पुसला. त्याने आपल्या खोलीच्या खिडकीतून आईच्या डिस्कमध्ये डोकावून पाहिलं. पत्रिकेची फाईल सापडली. "ही बघ, आहे की!" म्हणत त्याने ती उघडली, आणि पडद्यावर नुसता खिचडा पसरला. कंस, डॉलर, उलटी टिंबं, परकी अक्षरं. आईच्या काळच्या फॉन्टची गंमतच अशी आहे. आत साठवलेल्या असतात भलत्याच खुणा, आणि आईच्या खोलीतला फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे घालतो. ती खोली सोडली की कपडे गळून पडतात. आईला हे एरवी माहीत होतं. पण त्या क्षणी तिला दिसलं ते एवढंच, की चि. सौ. कां. च्या पुढे तिच्या लेकीच्या नावाचा चुराडा झाला आहे.

ती तशीच पाटावर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

श्रुतिका आतून आली, तिने आईच्या पाठीवर हात ठेवला. बाबा म्हणाले, "मी सांगत होतो, हा डबा दगा देणार. नितेश, भंगारवाल्याला फोन लाव. आणि पत्रिका नाक्यावरून काढून आण दुसरी कुठलीतरी."

"दुसरी नको," आई म्हणाली. "दुसरी कुठलीतरी देवापुढे जाणार असेल तर काही जायलाच नको."

त्यात धोंडिरामकाका पिशवी घेऊन दारात. "वैनी, पत्रिका झाली मा? माझी गाडी चुकात हां." काकांनी एकेकाकडे पाहिलं. "काय झाला? कोण गेला?"

"कुणी मेल्यासारखं बोलू नका हो भावजी," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

नितेश रडकुंडीला आला होता. "आई, मी तुला विचारलं होतं गं! जुना काढू का, म्हटलं. तू काढ म्हणालीस!"

"मी हाराबद्दल म्हटलं रे, हाराबद्दल!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुकलेला हार माझ्या अंगावर होता तिथेच होता. एक पाकळी गळली, ती पंख्यात गेली आणि मी शिंकलो.

धोंडिरामकाकांनी कपाळाला हात लावला. "बरा मा! हार रवलो नि दार गेला!"

श्रुतिकाला हसू आलं. तिने तोंडावर ओढणी धरली, पण फार वेळ जमलं नाही. आईसुद्धा रडता रडता हसली. नुसतं हसून पत्रिका निघत नाही, पण माणसं पुन्हा बोलायला लागली हे खरं. श्रुतिकाने फोन उचलला आणि मुलुंडला हर्षदमामांना लावला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "बाबू, आईची डिस्क पुसलीस का?"

"नाही मामा. हातपण नाही लावला."

"मग कशाला रडताय यार सगळे? आई आतच आहे. दाराशी माणूस नाही, एवढंच. त्याला परत बसव. पेनड्राइव्ह घे, मी सांगतो तसं कर. आणि मध्ये शहाणपणा करू नकोस."

नितेशने शहाणपणा केला नाही. मामा सांगत होते, तो करत होता. माझी मांडणी त्याने पूर्वीसारखी केली. विमान आलं की दोघेही थांबायचे, आणि विमान गेल्यावर नितेश शेवटचं वाक्य पुन्हा विचारून घ्यायचा. तेवढा तो शिकला होता. काका घड्याळाकडे बघत वडे खात होते. बाबा येरझाऱ्या घालत होते. शेवटी नव्याने बसवलेल्या जुन्या माणसाला नावं शिकवायची वेळ आली. नितेशने एकेक अक्षर टाईप केलं आणि मला पुन्हा उठवलं.

मी उठलो. नेहमीसारखा, कण्हत, घरघरत. त्या दिवशी कुणी चहा टाकायला गेलं नाही. सगळे उभे राहून बघत होते. आधी काळोख, मग एक रेघ, आणि मग एकाखाली एक, सुट्या सुट्या जुनाट अक्षरांत: आई. ताई. बाबू.

आईने स्वतःचं नाव वाचलं आणि खुर्ची ओढून घेतली. तिचं दार उघडलं. पत्रिका होती तशीच होती. 'श्रु' आपलं लांब शेपूट मिरवत उभा होता. तिने ती राहिलेली ओळ खाली घेतली, पिवळ्या कागदावर प्रत काढली, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती कपाळाला लावली आणि कपड्यांच्या मध्ये घडी न घालता ठेवली. "वैनी, गाऱ्हाण्यात ह्या डब्याचा पण नाव घेतंय," म्हणाले आणि गाडी गाठायला धावले. त्यांनी घेतलं की नाही ते मला माहीत नाही. पण बाबांनी त्यानंतर भंगारवाल्याचं नाव काढलेलं नाही. अजून तरी.

आणि हार? हार आईने स्वतः काढला.

लग्न झालं. थाटात झालं म्हणतात. मी कोपऱ्यात चादरीखाली होतो. घर भरलं आणि मग एकदम रिकामं झालं. थोड्या दिवसांनी नितेशने माझी चादर काढली, मला उठवलं आणि पडद्याकडे बघत बसला. तीन नावं. मधल्यावर थांबणारं कुणी उरलं नव्हतं. त्या खोलीची जागा मोकळी केली असती तर माझाही भार हलका झाला असता.

"आई," त्याने हाक मारली, "हे जुनं काढू का गं?"

आईचे हात या वेळीही भरलेले होते, पिठाने. पण ती आतून ओरडली नाही. गॅस बारीक केला, हात धुतले आणि बाहेर आली. माझ्यासमोर वाकून उभी राहिली. "काय काढतोस, दाखव."

नितेशने बोट ठेवलं. आईने वाचलं. बराच वेळ वाचत राहिली. दोनच तर अक्षरं होती.

"राहू दे," ती म्हणाली. "माहेरी येईल तेव्हा काय भिंतीतून आत जाईल?"

मित्रांनो, मी दमलो आहे. माझ्या डिस्कची घरघर वाढली आहे आणि पंखा कधी थांबेल सांगता येत नाही. तुमच्या घरीही असं काहीतरी जुनं असेल. कधीतरी ते काढावं लागेल, मी नाही म्हणत नाही. जागा सगळ्यांनाच हवी असते. फक्त काढायच्या आधी जवळ जाऊन विचारा, बोट ठेवून दाखवा, आणि उत्तर देणाऱ्याला हात धुऊन बाहेर यायला वेळ द्या. त्या जुन्याच्या मागे कुणाची खोली आहे, हे बाहेरून दिसत नसतं.

मी रोज सकाळी उठतो. दाराशी बसलेला माणूस तिन्ही नावं घेतो आणि थोडा थांबतो. मधल्या नावावर कुणी येत नाही. मग तो आईचं दार उघडतो. थांबायला मात्र तो एकदाही विसरत नाही, आणि तेवढा वेळ मीही जागा राहतो.